हिशेबातला एक रकाना

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराच्या वायव्येस मॅरिएटा नावाचे एक टुमदार गाव आहे. यजमानांच्या नोकरीनिमित्त आम्ही त्या परिसरात राहावयास गेलो, त्याला आता बरीच वर्षे लोटली. कॅथोलिक शाळेची फी आमच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणून धर्मशिक्षणासाठी रविवारचे चर्च आणि इतर शिक्षणासाठी घराजवळची सरकारी प्राथमिक शाळा, अशी आम्ही मुलीच्या बाबतीत वाटणी केली. पहिल्याच वर्षी मी त्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या सभेस गेले. ‘हिशेब कोण ठेवील?’ असे अध्यक्षबाईंनी विचारताच सर्वांनी माना खाली घातल्या, आणि माझी मान जरा उशिरा खाली गेली. एवढ्याच भांडवलावर मी खजिनदार झाले.

हिशेबाची आवड मात्र माहेरची. वसईतील आमच्या गावी माझे वडील चर्चच्या सणाचा जमाखर्च लिहीत. मिस्सा आटोपली की ओट्यावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, ते आण्यापैचा मेळ घालीत. गावचा पैसा गावाच्या कामी यावा, ही त्यांची साधी श्रद्धा होती. ती त्यांना कोठून मिळाली हेही मला ठाऊक आहे. मोन्सिनॉर मोनिस यांनी १९१८ साली आमच्या लोकांसाठी पतपेढी काढली, तीच पुढे बॅसिन कॅथोलिक बँक झाली. सावकाराच्या दारी जाणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच माणसांच्या पैशातून कर्ज मिळू लागले, ही कथा आम्ही लहानपणी बायबलमधील कथांच्या बरोबरीने ऐकली आहे. तेव्हा ‘स्वतंत्र’ आणि ‘आपले’ या दोन शब्दांकडे माझे मन आधीपासूनच झुकलेले होते, हे वाचकांना सांगून ठेवलेले बरे.

आपल्याकडे पालक-शिक्षक संघ हा सरकारी नियमाचा विषय असतो. महाराष्ट्रात २०११च्या शुल्क नियमन कायद्याने खाजगी शाळांना असा संघ स्थापणे बंधनकारक केले आहे. तेथील रीत निराळी. ‘पीटीए’ हे अमेरिकेत सामान्यनाम नसून एका राष्ट्रीय संघटनेचे नाव आहे. शाळेतील पालकांचा गट तिचा घटक झाला, तर प्रत्येक सदस्याच्या वर्गणीतील काही भाग राज्य संघटनेकडे व काही राष्ट्रीय संघटनेकडे जातो. त्या बदल्यात तयार नियमावली, करमाफीची छत्रछाया, पदाधिकाऱ्यांना प्रशिक्षण आणि राजधानीत मुलांच्या वतीने बोलणारे कोणीतरी, असे सारे मिळते. ज्यांना हे नको असते, ते स्वतःचा स्वतंत्र गट काढतात. त्याला बहुधा ‘पीटीओ’ म्हणतात. पैसा सगळा शाळेत राहतो, नियम स्वतः करावयाचे, आणि चुकलो तर निस्तरायचेही स्वतःच. आज तेथील बहुसंख्य शाळा राष्ट्रीय संघटनेच्या बाहेरच आहेत.

आमचा गट पिढ्यान्पिढ्या पीटीएचा घटक होता. २०१९च्या आरंभी अध्यक्षबाईंनी बाहेर पडण्याचा प्रस्ताव मांडला. त्या माझ्या चांगल्या मैत्रीण. आमच्या मुली एकाच वर्गात, आणि माझी गाडी बंद पडली त्या महिन्यात त्यांनीच माझ्या मुलीची ने-आण केली होती. त्यांचे म्हणणे सरळ होते. वाचनालयाला पुस्तके हवीत, मैदानावर सावलीचे छप्पर हवे, आणि आपण दरवर्षी पैसे पाठवितो ते कोणाला? वरच्या संघटनेने घेतलेल्या भूमिका आपल्यातील निम्म्या लोकांना पटत नाहीत, उरलेल्या निम्म्यांना त्या ठाऊकही नाहीत. हे खोटे नव्हते. त्यांनी मला पाच वर्षांचा तक्ता करावयास सांगितले. मी तो मन लावून केला. शेवटच्या रकान्यावर मी शीर्षक घातले : ‘बाहेर गेलेली रक्कम’. वर्षाला हजार डॉलरांच्या आसपास. तक्ता पाहून अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘आता मला भाषण करावयाची गरज नाही.’

शाळेच्या वाचनालयात दर गुरुवारी एक वृद्ध कृष्णवर्णीय बाई पुस्तके लावावयास येत. त्यांचा नातू तिसरीत होता. सगळे त्यांना मान देत, आणि थोडेसे भीतही. मी त्यांना तक्ता दाखविला, तो शाबासकीच्या अपेक्षेनेच. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि त्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारले, ‘हे बाहेर म्हणजे कुठे, मुली?’

मला उत्तर सुचेना. मग त्यांनीच सांगितले. त्यांची आई जॉर्जियातील एका खेडेगावच्या कृष्णवर्णीयांच्या शाळेत पालकसंघाची चिटणीस होती. गोऱ्या मुलांनी वापरून टाकलेली पुस्तके त्यांच्या शाळेला मिळत, काहींची पाने निखळलेली. असे असूनही आई प्रत्येक घरातून पाच-पाच सेंट गोळा करी आणि त्यातले काही अटलांटाला पाठवी. ‘मी लहान होते. मला राग यायचा. आपल्याला पुस्तक नाही आणि ही पैसे पाठवते! आई म्हणायची, आपली शाळा एकटी ओरडली तर कोंबडं आरवल्यासारखं होईल. शंभर शाळा ओरडल्या तर कोणीतरी उठून दार उघडील.’

त्या रात्री मी वाचावयास बसले, आणि ज्या गावाच्या रस्त्यांवरून मी रोज भाजी आणावयास जाते, त्याच गावात या कथेचे एक टोक सापडले. १८५८ साली मॅरिएटात जन्मलेल्या अ‍ॅलिस मॅक्लेलन बर्नी या बाईंनी फीबी हर्स्ट यांच्या साहाय्याने १७ फेब्रुवारी १८९७ रोजी वॉशिंग्टन येथे मातांची राष्ट्रीय परिषद भरविली. थोड्याशा बायका येतील असे वाटले होते, दोन हजारांच्या आसपास माणसे लोटली. त्यातून पुढे पीटीए उभी राहिली. पण दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या आणि काळ्या पालकांना एकत्र बसण्याची मुभा नव्हती. म्हणून सेलेना स्लोन बटलर या शिक्षिकेने १९११ साली अटलांटातील याँग स्ट्रीट शाळेत कृष्णवर्णीय पालकांचा संघ काढला, आणि १९२६ साली त्यांची स्वतंत्र राष्ट्रीय परिषद स्थापन केली. दोन्ही परिषदा एक व्हावयास १९७० साल उजाडले. ते एकीकरणही अटलांटातच झाले. ते पाहण्यास बटलरबाई मात्र नव्हत्या. १९६४ साली त्या देवाघरी गेल्या होत्या.

पुढल्या गुरुवारी मी हे सारे उत्साहाने आजीबाईंना सांगू लागले, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबविले. ‘त्या संघटनेला देव्हाऱ्यात बसवू नकोस. सत्तर सालापर्यंत आम्हाला वेगळ्या दारानं यावं लागलं, हे विसरू नकोस.’ मग पुस्तकांची चळत उचलीत म्हणाल्या, ‘आणि तरीही आई पैसे पाठवायची.’

या दोन वाक्यांनी माझी झोप उडविली. एकच वाक्य असते तर मी सुटले असते.

दुसरी बाजूही मी तोलून पाहिली. शाळांतील गरम जेवणासाठी याच संघटनेने वर्षानुवर्षे आग्रह धरला होता, आणि १९४६ साली शालेय भोजनाचा कायदा झाला. १९५४ साली साल्क यांच्या पोलिओ लसीची चाचणी झाली, तेव्हा शाळाशाळांतून तिच्या स्वयंसेविका राबल्या. १९६०च्या दशकाच्या आरंभी तिचे एक कोटी वीस लाख सदस्य होते, आणि नंतरच्या वीस वर्षांत ते निम्म्याहूनही कमी झाले. माणसे उगाच सोडून जात नाहीत. कोणी वर्णभेदाच्या निर्मूलनावर रुसून गेले, हे खरे. पण कोणी वाढत्या वर्गणीमुळे गेले, कोणी राजकारणामुळे, तर कोणाला ती संघटना आपल्या शाळेच्या दारापासून फार दूर गेल्यासारखी वाटली. आमच्या अध्यक्षबाई यांपैकी शेवटच्या प्रकारातल्या, आणि त्यांना स्वार्थी म्हणणे अन्यायाचे झाले असते.

पवित्र सभेची शिकवण काय म्हणते, हेही पाहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात आईवडिलांना मुलांचे पहिले शिक्षक म्हटले आहे, आणि १९८३च्या कॅनन कायद्याचे ७९६वे कलम सांगते की, पालकांचे म्हणणे शिक्षकांनी आनंदाने ऐकावे, पालकांचे संघ स्थापावे व त्यांचा मान राखावा. हे कलम अर्थात कॅथोलिक शाळांसाठी, आणि संघाने कोणाशी संलग्न व्हावे याविषयी त्यात चकार शब्द नाही. कायदा आपल्याला नेहमी अंगणापर्यंतच आणून सोडतो.

उत्तर मिळाले ते रविवारी, आणि तेही दानपेटी फिरत असताना. आमच्या धर्मग्रामाच्या दानातील काही भाग महाधर्मप्रांताकडे जातो, काही दूरच्या मिशनकार्याला. कोणत्याही धर्मग्रामाच्या ताळेबंदात मी त्याला ‘बाहेर गेलेली रक्कम’ म्हटलेले पाहिलेले नाही. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतापासून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा गावोगावी केवढा आनंद झाला होता! आम्ही वेगळे झालो होतो, एकटे झालो नव्हतो. मग वाटले, पतपेढीची गोष्टही मी आजवर अर्धीच लक्षात ठेवली होती. एकट्या गावाने नव्हे, साऱ्या समाजाने पैसे एकत्र केले, म्हणून ती उभी राहिली.

मार्च महिन्यात शाळेच्या भोजनगृहात सभा भरली. बाहेर पडावयास दोनतृतीयांश मते हवी होती. माझा तक्ता भिंतीवर मोठा करून दाखविण्यात आला. मी रात्री जागून भाषण लिहून नेले होते. पण मैत्रिणीचा प्रसन्न चेहरा पाहिला आणि पाठीमागच्या रांगेत हात घडीवर ठेवून बसलेल्या आजीबाई पाहिल्या, आणि भाषण पर्समध्येच राहिले. उठून एवढेच म्हणाले की, शेवटच्या रकान्याचे शीर्षक माझ्याकडून चुकले आहे, तेथे ‘इतर शाळांच्या मुलांसाठी दिलेली रक्कम’ असे वाचावे. थोडे हसणे झाले. लोकांना तो विनोद वाटला. मते मोजली : बाहेर पडावे, एकेचाळीस, राहावे, सोळा. त्या सोळांत मी होते. पण त्या एकेचाळीसांपैकी कितीजणांचे मत माझ्या तक्त्याने घडविले असेल, हा हिशेब मला आजही लागत नाही.

भाषण पर्समध्ये का राहिले, याचे उत्तर मात्र मला ठाऊक आहे. ते भिडस्तपणाचे उत्तर आहे, आणि ते मी कुमसारात सांगून मोकळी झाले आहे.

खजिनदार मीच राहिले. सोडून गेले असते तर रुसले असे झाले असते. नव्या गटाची राज्याकडे नोंदणी, संघराज्याच्या करखात्याकडून नवा क्रमांक, करमाफीचा अर्ज व त्याचे पावणेतीनशे डॉलर, स्वतंत्र विमा, नवी नियमावली : पहिल्या वर्षी ‘वाचलेल्या’ पैशांपैकी बहुतेक यातच गेले. दरवर्षी करखात्याला एक छोटेसे विवरण धाडावे लागते. सलग तीन वर्षे विसरले तर करमाफी आपोआप रद्द होते. हे मी वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहून ठेवले. मैदानावरचे छप्पर मात्र झाले, आणि छान झाले.

त्या शरद ऋतूत मुलगी चित्र काढीत बसली होती. पीटीएची ‘रिफ्लेक्शन्स’ नावाची कलास्पर्धा १९६९पासून चालत आली आहे. आदल्या वर्षीचा विषय होता ‘माझ्या अवतीभवतीचे वीर’. तिने वाडीला पाणी देणारे आजोबा काढले होते, आणि ते चित्र आमच्या शाळेतून पुढच्या फेरीला गेले होते. नवा विषय होता अंतरंगात डोकावण्याचा. तिने विहीर काढली आणि विहिरीत वाकून पाहणारी मुलगी. ‘हे केव्हा पाठवायचं?’ असे तिने विचारले, तेव्हा मला सांगावे लागले की आता आपली शाळा त्या स्पर्धेत नाही. ‘का?’ या प्रश्नावर मी जे काही बोलले ते तिला समजले नाही. आजीबाईंनी ते चित्र मागून घेतले आणि वाचनालयाच्या दाराशी चार टाचण्यांनी लावले.

मार्च २०२०मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. ज्यांची रोजची दोन जेवणे शाळेतच होत, अशी मुले आमच्याकडे थोडी नव्हती. अध्यक्षबाईंनी फोनवरच कार्यकारिणीची संमती घेतली, आणि चार दिवसांत तीसएक कुटुंबांना किराणा दुकानाची कार्डे पोहोचली. कोणाला विचारावे लागले नाही. संघटनेत असतो तर हे झाले नसते, असे मी म्हणणार नाही. पण इतक्या लवकर झाले असते का, कोण जाणे. कार्डे वाटावयास आम्ही दोघी एकाच गाडीने, तोंडाला कापड बांधून, खिडक्या उघड्या ठेवून हिंडलो. मतदानाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

२०२१ साली मुलगी माध्यमिक शाळेत गेली. त्या शाळेचा गट राष्ट्रीय संघटनेचा घटक निघाला. पहिल्या सभेत मी वर्गणी भरली आणि पावती जपून ठेवली. खजिनदार कोण होईल, असा प्रश्न आला तेव्हा मात्र मान अगदी वेळेवर खाली घातली.