वामन आणि शाईचा अंगठा

मी कॉमर्सचा माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीत संपला. तोही पस्तीस गुणांवर, सलोख्यानं. पण मे २०२५ मध्ये जयंत नारळीकर गेले आणि अंबाजोगाईच्या एका मित्रानं त्यांची 'वामन परत न आला' हातात ठेवली. "वाच, हलकं वाटेल," म्हणाला. मित्राचं ऐकून आजवर मी एक म्हैस आणि एक स्कूटर घेतली आहे. तरी वाचली.

कादंबरीत जमिनीखाली एक पेटी सापडते. हजारो वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या, फार पुढारलेल्या माणसांनी ठेवलेली. तिच्यातल्या ज्ञानावरून वामन नावाचा यंत्रमानव तयार होतो आणि त्याला आपल्यासारखे आणखी वामन हवे असतात! पुढचं सांगत नाही. तुमची झोप कशाला घालवू? माझी गेली तेवढी पुरे.

रात्री एक वाजता मी आढ्याकडं बघत पडलो होतो.

"काय झालं? कॅश जुळली नाही का?" बायकोनं विचारलं.

"अगं, एक अख्खी संस्कृती बुडाली!"

"तुमच्या शाखेचं कर्ज होतं का तिच्यावर?"

"नाही."

"मग झोपा."

दसरा तोंडावर आला होता. ऊसतोडीला निघालेल्यांची शाखेत ही गर्दी! एका मावशींचा अंगठा आधारचं मशीन घेईना. उजवा झाला, डावा झाला, पदराला पुसून झाला. जन्मभर कोयता धरून बोटांच्या रेषाच झिजलेल्या.

"घेईना की साहेब," मावशी म्हणाल्या, "मी हाय का न्हाई, तेवढं तरी सांगा!"

मी गप्पच झालो. या मावशी गेली पंधरा वर्षं पैसे काढण्याआधी माझ्या पोरीचा निकाल विचारतात. मशीनला त्या ठाऊकच नव्हत्या. मी स्लिप भरली, पासबुकावरचा फोटो पाहिला, शाईचा अंगठा घेतला, साक्षीला ओळखीचा खातेदार उभा केला, साहेबांची सही आणली आणि पैसे मोजून दिले.

वामनाची भीती मला तेव्हा कळली. तो हिशेब माझ्यापेक्षा चांगला करील, करो बापडा. पण "हो मावशी, तुम्ही आहात," असं सांगायला काउंटरमागं कुणी उरलं नाही, की बुडायला दुसरं काय लागतं?

संध्याकाळी बायकोला म्हटलं, "आपणही एक पेटी पुरून ठेवू. माझ्यातर्फे शाईचं पॅड."

"वाळून जाईल," ती म्हणाली. "त्यापेक्षा वापरत राहा."