शाळेचा टोल

शाळेला इमारत मिळायच्या आधी टोल मिळाला. 1972 च्या जूनमध्ये गावात न्यू इंग्लिश स्कूल निघालं, तेव्हा आठवीचा वर्ग मारुतीच्या देवळात भरायचा आणि ऑफिस म्हणजे हेडसरांची लोखंडी पेटी. पुण्यात 1880 साली चिपळूणकर-टिळकांनी काढलेल्या शाळेचं नाव घेऊन आमच्या सातारा-सांगलीकडे गावोगाव हायस्कुलं उभी राहिली, त्यांतलंच हे एक. देवळात घंटा होती, पण ती देवाची. शाळेला स्वतःचा आवाज पाहिजे, असं हेडसरांचं म्हणणं. पुणे-मिरज रेल्वे नुकतीच मीटरगेजची ब्रॉडगेज झाली होती. जुन्या रुळाचा दोन फुटी तुकडा सरांनी भंगारातून पदरमोड करून आणला आणि देवळामागच्या लिंबाला तारेनं टांगला.

रूळ 60 पाउंडी, म्हणजे यार्डाला 60 पाउंड. त्या हिशेबानं आमचा टोल अठरा किलोंचा गडी. टांगायला वेगळं भोक पाडावं लागलं नाही. दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचा बोल्ट जिथं बसतो, ते भोक टोकाला होतंच. अंगभर गंज, फक्त शिपाईमामांचा गज पडायचा ती कड चकचकीत. मोकळा लोंबत असायचा तेव्हा त्याचा नाद ओढ्यापलीकडच्या वस्तीवर पोचायचा. आम्ही पोरं त्याला मिठी मारून धरायचो, मग मामांनी कितीही जोर लावला तरी नुसतं ठक्क व्हायचं. मामा रागवायचे नाहीत. हात काढा रे, त्याचा श्वास कोंडतोय, म्हणायचे.

इंग्रजीच्या सरांनी व्याकरण त्याच्यावरच शिकवलं. लिंबाखाली उभं करून आधी रिंग, रँग, रंग म्हणून घेतलं. मग ‘मामा रिंग्ज द बेल’ आणि लगेच ‘द बेल इज रंग बाय मामा’. कर्ता मागं गेला, कर्म पुढं आलं, हे आम्हाला समोर दिसत होतं. पुढं पुष्कळ व्याकरणं वाचली. प्रयोग इतका स्वच्छ कुणी समजावला नाही.

त्या साली पाऊस गेला. आईबाप पाझर तलावाच्या कामावर, खडीवर. बरीच मुलंही तिथंच, सुकडीच्या आशेनं. पहिला टोल कामावर ऐकू जायचा. दुसऱ्या टोलाला जी मुलं नसतील, त्यांना आणायला गणिताचे सर सायकलवरून तलावावर जायचे, मुकादमाशी बोलायचे, पोराला पुढच्या दांडीवर बसवून आणायचे. त्यांचा स्वतःचा पगार तेव्हा अनुदानावाचून अडकलेला. सगळे सर एका खोलीत राहून आपल्या हातानं भाकरी थापायचे. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

नैसर्गिक वाढीनं नववी आली, मग दहावी. मार्च 1975 ला राज्यात दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली, आणि तीच आमच्या शाळेचीही पहिली. हिवाळ्यापासून आम्ही रात्री देवळातच झोपायचो, कंदिलावर अभ्यास. पहाटे चारला हेडसर स्वतः उठून एक टोल द्यायचे. थंडीत तो जास्तच खणखणीत वाटायचा. गावातल्या बायाही त्याच टोलावर चुलीला लागायच्या, त्यामुळे तक्रार कुणीच केली नाही.

आता शाळेला दुमजली इमारत आहे, विजेची घंटा आहे. टोल प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मोडक्या बाकांखाली पडलाय. तुमच्याही शाळेत असा एखादा असेल. त्याला किलोच्या भावानं घालवू नका. बाहेर काढा, झाडाला मोकळा टांगा आणि जूनच्या पहिल्या दिवशी तरी एखाद्या नव्या पोराच्या हातात गज द्या.