कालव्यातून न दिसणारे अॅम्स्टरडॅम

१/ अॅम्स्टरडॅमला प्रथमच येणारा प्रवासी बहुधा आधी बोटीत बसतो. तासाभराच्या फेरीत उंच, अरुंद घरे, कमानदार पूल आणि सायकलींच्या रांगा समोरून सरकत जातात. नगरी देखणी आहे, यात वाद नाही. मात्र बोटीतून दिसतो तो केवळ घरांचा दर्शनी भाग. इतिहासासाठी काठावर उतरावे लागते.

२/ उगम नावातच आहे: आम्स्टेल नदीवरचा बांध, म्हणजे डच भाषेतला ‘डाम’. १२७५ मध्ये काउंट पाचव्या फ्लोरिसने या बांधाजवळच्या रहिवाशांना जकातमाफी दिली. या वस्तीचा पहिला ज्ञात लेखी उल्लेख त्याच सनदेत आढळतो.

३/ १५८५ मध्ये अँटवर्प स्पेनच्या हाती पडले. तेथील व्यापारी आणि कारागीर उत्तरेकडे आले आणि अॅम्स्टरडॅम अपुरे पडू लागले. १६१३ मध्ये नव्या कालव्यांचे खोदकाम सुरू झाले. दलदलीचा निचरा, मालाची ने-आण आणि विक्रीयोग्य भूखंड असे तिन्ही हेतू त्यातून साधले. हे कालवेमंडल २०१० पासून जागतिक वारसा आहे.

४/ हेरेनग्राख्त म्हणजे नगराच्या कारभाऱ्यांचा कालवा. पुढे सम्राटाचा कायझर्सग्राख्त, मग राजपुत्राचा प्रिन्सेनग्राख्त. त्यापलीकडे योर्दान ही श्रमिकांची वस्ती. तिथे जुन्या शेतांचे चर आणि पायवाटाच गल्ल्या व कालवे झाल्या. म्हणून प्रिन्सेनग्राख्त ओलांडताच रस्ते तिरपे होतात. श्रीमंती कुठे संपत होती, हे आजही नकाशावर वाचता येते.

५/ प्रत्येक घराच्या माथ्यावर एक तुळई बाहेर आलेली दिसते, तिला आकडा असतो. जिने इतके अरुंद की माल दोराने वर ओढूनच पोटमाळ्यावर न्यावा लागे. घरात संसारही होता आणि कोठारही. ओढलेला माल भिंतीवर आपटू नये म्हणून कित्येक दर्शनी भिंती मुद्दाम पुढे कललेल्या आहेत.

६/ ही घरे उभी आहेत ती मऊ जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर. डाम चौकातील राजवाडा, म्हणजे सतराव्या शतकातील नगरभवन, १३,६५९ खांबांवर उभा आहे. आकडा लक्षात ठेवायची युक्ती सोपी: वर्षाचे ३६५ दिवस, आधी १, शेवटी ९. लाकूड पाण्याखाली टिकते. पातळी उतरून हवा लागली की कुजू लागते.

७/ पोटमाळ्यावरचा माल कुठून आला, हे दर्शनी भिंत सांगत नाही. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तिच्या सतरा संचालकांपैकी आठ अॅम्स्टरडॅमचे असत. जायफळाच्या मक्तेदारीसाठी १६२१ मध्ये यान पीटरस्झोन कून याने बांदा बेटे जिंकली, तेव्हा हजारो बेटवासी मारले गेले किंवा देशोधडीला लागले.

८/ हेरेनग्राख्त ५०२ हे आज महापौरांचे निवासस्थान आहे. त्याचा पहिला मालक पाउलस गोडिन गुलामांच्या व्यापारात होता. सुरिनाम वसाहत चालवणाऱ्या मंडळीत स्वतः अॅम्स्टरडॅम नगराची भागीदारी होती. गुलामगिरीतील या सहभागाबद्दल महापौर फेमके हाल्सेमा यांनी १ जुलै २०२१ रोजी नगराच्या वतीने क्षमा मागितली.

९/ अरुंद भूखंड मागे खोलवर जात, म्हणून पुढील घराच्या पाठीशी दुसरे घर बांधले जाई. प्रिन्सेनग्राख्त २६३ च्या अशाच मागील घरात अॅन फ्रँकसह आठ जण जुलै १९४२ पासून दोन वर्षांहून अधिक काळ लपून राहिले. ४ ऑगस्ट १९४४ रोजी ते पकडले गेले. वाचले एकटे ओटो फ्रँक. ती जागा कालव्यावरून दिसत नाही, म्हणूनच निवडली गेली.

१०/ या कंपनीची एक वखार वेंगुर्ल्यालाही होती. गोव्यातील पोर्तुगीजांवर नजर ठेवण्यासाठी ती जागा सोयीची होती. शिवकाळातील घडामोडींची वृत्ते तिथून डचांना जात. आज ती मराठ्यांच्या इतिहासाची साधने आहेत. कंपनीचे दप्तर हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात नीट जपलेले आहे. वेंगुर्ल्याच्या वखारीचे मात्र अवशेषच उरले आहेत. ज्यांना अॅम्स्टरडॅम दूर आहे, त्यांनी प्रारंभ तिथून करावा.