दारोदार मागितलेला हक्क

माझ्या लग्नाची नोंद झाली, तेव्हा कुणी गावाचं मत घेतलं नव्हतं. म्हणूनच आयर्लंडमधलं 2015चं सार्वमत माझ्या मनातून जात नाही. तिथे समलिंगी जोडप्यांना लग्नासाठी साऱ्या देशाचा होकार मागावा लागला.

पुरुषांमधले समलिंगी संबंध त्या कॅथलिक देशात 1993पर्यंत गुन्हा होते. 1995च्या सार्वमतात घटस्फोटाला मान्यता मिळाली, ती जेमतेम नऊ हजार मतांनी. त्याच देशाने 22 मे 2015 रोजी स्त्री-पुरुष असा भेद न करता दोन व्यक्तींच्या विवाहाला राज्यघटनेत जागा दिली. बाजूने 62 टक्के मतं पडली. देशव्यापी सार्वमताने असा हक्क देणारा हा जगातला पहिला देश.

हा कौल सहज मिळाला नाही. कार्यकर्ते अनोळखी दारं ठोठावत होते, मनातलं सगळ्यात खाजगी ते परक्या उंबऱ्यावर सांगत होते. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस समलिंगी मुलाची आई म्हणून बोलल्या. मंत्री लिओ वराडकर यांनी जानेवारीतच रेडिओवर आपण समलिंगी असल्याचं सांगितलं होतं. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. पुढे 2017मध्ये वराडकर पंतप्रधान झाले. परदेशी गेलेली तरुण मुलं केवळ मत द्यायला विमानांनी, बोटींनी घरी परतली.

हे वाचताना ऊर भरून येतो, आणि तितकाच राग येतो. मतं कमी पडली असती, तर त्या माणसांचं प्रेम खोटं ठरलं असतं का? हक्क मोजून द्यायचा नसतो. तरी एक मानावं लागतं: त्या उंबऱ्यांवरच्या बोलण्याने जे घडलं, ते नुसत्या निकालपत्राने घडलं नसतं. ‘हो’ म्हणणारा प्रत्येक जण त्या लग्नांचा साक्षीदार झाला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली आणि हा विषय संसदेचा ठरवला. संसद हलते ती लोकांच्या बोलण्याने. ते बोलणं कुणी करायचं? वर्षानुवर्षं सोबत राहूनही कायद्याच्या लेखी परकेच राहिलेल्यांनी पुन्हा दारोदार हात पसरायचे? ज्यांच्या लग्नाला कुणी कधी हरकत घेतली नाही, त्या आपण सगळ्यांनी हा विषय घरात, नातेवाइकांत, निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यांसमोर काढला पाहिजे. मागण्याचं ओझं आता आपण उचलायचं.