डाव्या पायाची सोय

टोरांटो, रविवार

चि. मुक्तास,


गाडीचे फोटो पाहिले. १९९० च्या दशकातली बीएमडब्ल्यू ई३६, आणि इथल्या मिठाच्या रस्त्यांवर इतकी कमी गंजलेली! ऑटोमॅटिकची मॅन्युअल करायची तुझी यादीही वाचली. गिअरबॉक्स, फ्लायव्हील, क्लच प्लेट सगळं नीट लिहिलंयस आणि तळाशी ‘पेडल वगैरे’. त्या ‘वगैरे’साठी हे पत्र.

गिअरबॉक्स चढवायला जॅक आणि एक दांडगा मित्र पुरतो. पेडल बसवताना मात्र तू एकटीच डॅशबोर्डखाली उताणी पडलेली असशील आणि टॉर्च तोंडात. म्हणून आधी ड्रायव्हरची सीट काढ.

भंगारवाल्याकडून नुसतं क्लच पेडल आणू नकोस. एकाच मॅन्युअल गाडीतून दोन्ही पेडलं, मधला पिन, स्प्रिंग आणि खटके घे. प्लॅस्टिकचे बुश मात्र नवे टाक. ऑटोमॅटिकचं ब्रेक पेडल रुंद असतं. ते तसंच ठेवलंस तर क्लच दाबताना बुटाची कड ब्रेकला लागेल. काही जण ते कापून अरुंद करतात. ब्रेकच्या पेडलावर करवत चालवणं मला पटत नाही.

फायरवॉलमध्ये क्लचच्या पाइपसाठी भोक कंपनीनेच ठेवलेलं असतं, त्यावरचं रबरी बूच काढायचं. क्लचला वेगळी टाकी नाही, ऑइल ब्रेकच्याच टाकीतून येतं. टाकीतलं क्लचचं तोंड मुद्दाम वर ठेवलेलं असतं, म्हणजे क्लचचा पाइप गळला तरी ब्रेकच्या वाट्याचं ऑइल तळाशी उरतं. कुणी ‘खालून भोक पाड’ म्हणालं तर ऐकू नकोस.

क्लचचा मास्टर सिलिंडर याच मॉडेलचा घे. जास्त व्यासाचा चढवलास तर पेडल जड होतं. कमी व्यासाचा लावलास तर पेडल हलकं, पण क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर कुरकुरत पडतात. शिवाय पेडल सोडल्यावर पिस्टन अगदी मागे आला पाहिजे. टाकीकडचं बारीक छिद्र तेव्हाच उघडतं आणि तापून फुगलेल्या ऑइलला परतीची वाट मिळते. पुशरॉड किंचित लांब राहिला तरी दाब आत अडकतो, क्लच पुरता धरत नाही आणि नवी प्लेट पहिल्याच उन्हाळ्यात जळते. दोष मात्र बिचाऱ्या प्लेटला मिळतो.

वायरिंगवर फार लिहीत नाही, एवढंच सांगतो. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये असल्याशिवाय सुरू होत नाही. गिअरबॉक्स बदलल्यावर लोक ही अट पाळणाऱ्या खटक्याच्या दोन वायरी सरळ जोडून मोकळे होतात. मग गाडी गिअरमध्ये असताना किल्ली फिरवली की ती गॅरेजच्या भिंतीवर उडी मारते. त्या वायरी क्लचच्या खटक्यातून ने. पेडल तळाशी गेल्यावरच स्टार्टर फिरायला हवा.

सुरुवातीला पेडल दाबल्यावर खालीच पडून राहील, घाबरू नकोस. आत हवा आहे. या गाड्यांत ती हट्टाने बसते. मी गिअरबॉक्सवरचा स्लेव्ह सिलिंडर सोडवून, हवा काढायचा स्क्रू वर धरून, रॉड पूर्ण आत दाबून ठेवतो. सिलिंडर असा बाहेर असताना पेडलाला पाय लावायचा नाही, नाहीतर रॉड उसळून बाहेर येईल.

शनिवारी सकाळी येतो. डॉट ४ ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा आणून ठेव. घरातला अर्धा उरलेला नको, त्यातल्या ऑइलने हवेतली ओल प्यायलेली असते.

तुझा,
मामा