बाभळीवरचे खोपे

आमच्या जुन्या विहिरीवर एक गावठी बाभळ होती. तिच्या दोन फांद्या थेट पाण्यावर वाकलेल्या. पाऊस सुरू झाला की सुगरणी यायच्या आणि त्या फांद्यांना खोपे लोंबू लागायचे. खाली पाणी, वर काटे, म्हणून साप चढत नाही आणि पोराचा हात पोचत नाही.

आपण सुगरण म्हणतो, पण खोपा विणतो तो नर. बहिणाबाईंच्या कवितेमुळं आपल्या मनात मादीच घर बांधते. विहिरीवर बसून बघितलं तर वेगळंच. त्या दिवसांत नराचं डोकं हळदीसारखं पिवळं होतं. बाजरीच्या, उसाच्या पातीची लांब दोरी चोचीनं सोलून आणायची आणि गाठी मारत बसायचं. खोपा अर्धा झाला की आत ओल्या मातीचे गोळे चिकटवतो आणि उलटा लोंबकळून पंख फडफडवतो. माद्या येऊन बघून जातात. पसंत पडला तर पुढची नळी विणायची, नाहीतर अर्धा खोपा तसाच सोडायचा. आमच्या बाभळीवर असे सोडलेले खोपे पुष्कळ असायचे.

माझे थोरले बंधू मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आमच्या खटाव तालुक्यातल्या कितीतरी घरांची मनिऑर्डर बंद झाली. दादा वर्षभर थांबले आणि ट्रंक घेऊन गावी आले. ट्रंकेत कपड्यांखाली एक जुना कॅमेरा होता. पोटाला नाही आणि ह्याला फोटो पायजे, असं लोक म्हणायचे. दोन वर्षांनी ऐन पावसाळ्यात त्यांनी ह्या बाभळीचा रंगीत फोटो काढला. रोल धुवायला साताऱ्याला पाठवला होता.

तो फोटो आमच्या सोप्यात बरीच वर्षं होता. दारातून उन्हाची तिरीप त्यावर यायची, पावसात भिंत ओली व्हायची. रंगीत फोटोत तीन रंग असतात, पिवळा, किरमिजी आणि निळसर. ह्यातला निळसर आधी गेला आणि सगळा फोटो विटकरी झाला. आभाळ, पाणी, पाला, सगळं एकच. मधल्या काळात वाटणी झाली. पुढं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमचं बोलणं थांबलं. कुणाचं खरं, ते इथं लिहीत नाही. त्याच भांडणात बाभळ तुटली आणि तिची लाकडं भट्टीला गेली. खोप्यांसकट.

यंदा दिवाळीत मोठ्या मुलीचा मुलगा आला होता. त्यानं फोटो काचेतून काढून मोबाईलमध्ये घेतला. मी म्हणलं, "रंग परत येतील का रं?"

"गेलेला रंग येत नाही, आबा. काळा-पांढरा करून बघू."

आधी त्यानं नुसता रंग काढला, तर सगळं राखेसारखं झालं. मग त्यानं मला समजावलं. फोटो आत तीन पट्ट्यांत असतो, लाल, हिरवी आणि निळी. निळसर रंग उडाला की लाल पट्टी रिकामी पडते, तिच्यात बघण्यासारखं काही उरत नाही. हिरवीत अजून जीव असतो. त्यानं लाल बंद केली आणि हिरवी वाढवली. हळूहळू खोपे वर आले. आधी मोठे, मग अर्धवट सोडलेले. एकाची वीण मोजता येईल इतकी उठली. नळीच्या तोंडाशी एक पांढरा ठिपका दिसला. ते नराचं डोकं.

मग त्यानं खालचा अंधार थोडा उजळला. तिथं विहिरीच्या दगडांवर सावली पडलेली होती. मावळतीचं ऊन पाठीशी घेऊन उभा राहिलेला माणूस, दोन्ही कोपरं वर केलेली. कॅमेरा धरलेले दादा. आणि त्यांच्या सावलीला चिकटून दुसरी सावली, डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली. तो मी. इतकी वर्षं फोटो भिंतीवर होता, पण आम्ही दोघं त्यात आहोत हे कुणाला ठाऊक नव्हतं.

पोरानं तालुक्याला जाऊन दोन प्रती काढून आणल्या. एक मी त्याच्या हाती वरच्या आळीला पाठवली. काय बोलायचं ते सांगितलं नाही. तो तासाभरानं परत आला. वहिनींनी चहा दिला म्हणाला. दादांनी फोटो खिडकीशी नेऊन बघितला, चष्मा पुसून परत बघितला.

"मग काय म्हणले?"

"म्हणले, आबाला सांग, डोकं पिवळं होतं त्याचं. पांढरं नव्हतं."

अकरा वर्षांत माझ्यासाठी आलेला दादांचा हा पहिला निरोप. मी पोराला तसाच माघारी पाठवला, म्हणलं, "सांग त्यास्नी, हळदीसारखं होतं. माझ्या ध्यानात आहे."