गळतीचा उगम

तेल जिथून निसटते तिथे ते सहसा दिसत नाही. इंजिनाच्या वरच्या अंगाला एखादा जोड सैलावतो. तेल कडेकडेने उतरते, चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ओढले जाते आणि सर्वांत खालच्या टोकाशी येऊन थेंबाचे रूप घेते. जमिनीवरचा डाग खराच असतो. परंतु उगमाविषयी तो फारच थोडे सांगतो.

१९९४ साली पुण्यात आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी होती. बरीच जुनी झाल्याने तिच्या टॅपेट कव्हरच्या कडेने तेल पाझरत असे. धाकट्या भावाने एका रविवारी अंगणातच कव्हर उतरवले, कडक झालेले बुचाचे गॅस्केट खरवडून काढले आणि नवे बसवले. वरची कड कोरडी झाली. मात्र आठवड्याच्या आत गाडीखाली डाग पडू लागला. ‘आजवर खाली थेंब पडला नव्हता. तू हात लावलास आणि गळती सुरू झाली,’ असे म्हणून वडिलांनी किल्ली स्वतःकडे ठेवून घेतली. अभियांत्रिकीचा प्रवेश हुकलेल्या त्या मुलापाशी स्वतःच्या हातांवरील विश्वासावाचून तेव्हा दुसरे काही नव्हते.

त्याने वाद घातला नाही. तासाभरापुरती किल्ली मागून घेतली, रॉकेलने इंजिन पुसून कोरडे केले, संशयाच्या जागी अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि इंजिन चालू ठेवून विजेरीच्या उजेडात तो पाहत राहिला. काही वेळाने पावडरीत ओलसर रेघ उमटली. तिचा माग वर नेला, तो पेट्रोल पंपाच्या जोडापाशी थांबला. कव्हरची कड कोरडीच होती.

मग हा जोड आताच का पाझरावा? पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू नेहमीच खाली उतरतो आणि ब्रीदरच्या नळीने बाहेर पडतो. भावाने तेल भरण्याचे झाकण सैल केले, तसा वाफारा फुसकन बाहेर आला. नळी गाळाने जवळजवळ बुजली होती. इतके दिवस दाबाला जुने गॅस्केट वाट देत होते. ती वाट नीट बंद होताच दाबाने दुसरा दुबळा जोड शोधला. दुरुस्ती चांगली झाली, म्हणूनच जुना दोष उघडा पडला. नळी साफ केली, पंपाचे गॅस्केट बदलले, डाग थांबला. वडील काही बोलले नाहीत; पण पुढे ब्रेकचे काम निघाले तेव्हा गाडी त्यांनी भावाच्याच स्वाधीन केली.

काकतालीय न्याय येथे पुरता लागू पडत नाही. हात लावण्याचा गळतीशी संबंध होता. दोष मात्र त्या हाताचा नव्हता. पाठचिकित्सेत हाच विवेक लागतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. तिच्या संपादकांना पोथ्यांचे कुळ लावावे लागले. एका पोथीत आढळलेला अपपाठ लेखकूच्या माथी मारण्यापूर्वी तो कोणत्या जुन्या पोथीतून उतरला, हे पाहावे लागते. शेवटचा हात सर्वांत आधी नजरेस पडतो. एवढ्याने तो दोषी ठरत नाही.